आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस क्लास, मराठीतून

कॉलेजात समुपदेशक म्हणून माझं सहावं वर्ष चाललंय आणि खरं सांगते, माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायचा सराव, हा शब्द ऐकला की मला कंटाळाच यायचा. आधी एक ऑनलाइन कोर्स केला होता, नाव घेत नाही, त्यात "तुमच्या श्वासासोबत उपस्थित राहा" असलं मराठी, मुलांना ऐकवलं तर ती एकमेकांकडे बघत बसायची. त्यामुळे पुण्यातला हा क्लास लावताना फार अपेक्षा नव्हती. आता बॅच संपून महिना झाला, आणि क्लास मनापासून आवडला.

शिकवणाऱ्या मॅडम समुपदेशकांनाही ट्रेनिंग देतात. क्लासचा साचा अमेरिकेतल्या जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केला तोच, आठवड्यातून एकदा अडीच तास, रोज घरी सराव, मधे एक अख्खा दिवस मौन. पण बॉडी स्कॅनला, म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायच्या सरावाला, कुणाला जमिनीवर आडवं व्हायला लावलं नाही, बॅचमध्ये साडी नेसून येणाऱ्या चार-पाच मावश्या होत्या, परक्या पुरुषांसमोर झोपायचं म्हणजे त्यांचं सगळं लक्ष पदराकडेच गेलं असतं, म्हणून सगळेच खुर्चीत. डोळे मिटायचीही सक्ती नाही, ज्यांच्यावर वाईट प्रसंग गुदरलाय त्यांना मिटल्या डोळ्यांनी उलट जास्त त्रास होऊ शकतो.

चौथ्या आठवड्यात जोड्या करून सराव होता. माझ्यासमोरची ताई म्हणाली, "डोकं जड झालंय हो, कशातच जीव रमत नाही." मी लगेच, "डिप्रेशन वाटतंय का?" मॅडमनी तिथंच थांबवलं. "जड म्हणजे कसं, घरच्यांना सांगताना काय म्हणतात त्या, हे विचारलंस का?" मग डीएसएम-५ मधली, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तकातली, १६ प्रश्नांची मुलाखत काढली, २०१३ पासून आहे ती, त्यात माणसाला त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत सांगायला लावतात, तो कशामुळे झाला असं त्याला वाटतं, आधी कुणाकुणाकडे जाऊन आला, तेही. मी हे वाचलं होतं पण वापरलं एकदाही नव्हतं. परत विचारलं तर ताई म्हणाली, कपाळावर कुणी पाटा ठेवलाय असं वाटतं, सासूबाई गेल्या तेव्हापासून. माझ्या अंगावर काटा आला.

तक्रार एकच, घरच्या सरावाचे ऑडिओ ४५ मिनिटांचे, स्वयंपाक आणि डबे सांभाळून एवढा वेळ काढायचा कुठून, मी तर पहिले दोन आठवडे ऐकता ऐकता झोपूनच जायचे. सांगितल्यावर १५ मिनिटांचे दिले, ते आधीच द्यायला हवे होते.

ज्यांना जास्त त्रास आहे त्यांना मॅडम आधी डॉक्टरांकडे पाठवतात, गोळ्या चालू असतील तर परस्पर बंद करायच्या नाहीत हे पहिल्याच दिवशी बजावतात, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फळ्यावर कायम लिहिलेला.

परवा एका मुलाची आई आली, "सारखा पोटात गोळा येतो" म्हणाली. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कसा येतो, कधी येतो. अर्धा तास बोलत होत्या.

बॅच १५ जणांचीच असते, लवकर भरते. मौनाच्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा.