गुजरीतलं १० एक्सचं भिंग: मॉन्टिपोराच्या खालच्या बाजूसाठी

साजाच्या पानांचे जोड तपासायला सोनार जे भिंग वापरतो, तेच रीफ टँकवाल्याच्या, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात कोरल पाळणाऱ्याच्या, ड्रॉवरमध्ये असायला हवं. १० एक्स (दहापट मोठं दाखवणारं), ट्रिप्लेट (तीन काचा जोडलेलं), घडी घालून खिशात मावणारं. कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सोनारांच्या पेठेच्या, आसपास सोनारकामाची हत्यारं विकतात तिथे विचारा. एका बऱ्या फ्रॅगपेक्षा, म्हणजे कोरलच्या कापून विकलेल्या तुकड्यापेक्षा, ते स्वस्त पडतं आणि मॉन्टिपोरा या कोरलची अख्खी वसाहत किडीपासून वाचवतं.

घेताना एक फसगत टाळा. ‘३० एक्स २१ मिमी’ असं कोरलेली भिंगं सर्रास मिळतात. खरं ३० एक्स असेल तर वस्तू भिंगापासून जेमतेम ८ मिलिमीटरवर स्पष्ट दिसायला हवी. यांत ती दोन-अडीच सेंटिमीटरवर दिसते, म्हणजे भिंग १० च्याच आसपासचं. दुकानातच पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा बघून घ्या. २५ मिलिमीटरच्या आसपास फोकस झाला, रेघा कडेपर्यंत सरळ राहिल्या आणि त्यांना रंगीत किनार दिसली नाही, तर बिनधास्त घ्या. कडेला रेघा वाकल्या तर आत एकच काच आहे. त्यातून मधला भाग दिसतो, कडेची अंडी निसटतात.

आणि सगळा प्रश्न अंड्यांचाच आहे. मॉन्टिपोरा खाणारी न्यूडी, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय, पूर्ण वाढली तरी काही मिलिमीटरचीच असते. रंग पांढरट, पाठीवर बोटांसारख्या टोकांच्या रांगा. तिने खाल्लेला भाग पांढरा पडतो आणि त्याच पांढऱ्यावर ती बसलेली असते, तीही खालच्या बाजूला, उजेडापासून लांब. हॉबीत ती कित्येक वर्षं छळत होती, पण फेस्टिला सुबोडिओसा हे शास्त्रीय नाव तिला २०२० साली मिळालं.

भिंग वापरायची रीत सोनाराचीच: भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. हात लांब करून भिंग फ्रॅगवर धरलं तर काही दिसत नाही, आणि ‘भिंग बेकार आहे’ अशी तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. पांढऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टँकचंच पाणी घ्या, डोक्याला टॉर्च लावा, फ्रॅग उलटा करून बाहेर काढा. एका वेळी अर्धा मिनिट पुरे, मग परत पाण्यात. ओल्या कोरलवरचा पाण्याचा थर चमकतो आणि त्या चमकेत अंडी लपतात, म्हणून फ्रॅग थोडा तिरका करत राहा. जिवंत मांस संपून सांगाडा उघडा पडतो ती सीमारेषा सावकाश बघा. पांढऱ्या मण्यांसारखे गोल ठिपके झुपक्याने चिकटलेले दिसले तर ती अंडी. वाळूचा कण असेल तर त्याला कोपरे दिसतात आणि ड्रॉपरच्या फवाऱ्याने तो उडतो. अंडी उडत नाहीत.

झोअँथिडवरच्या, म्हणजे झुपक्याने वाढणाऱ्या मऊ, फुलासारख्या जिवांवरच्या, न्यूडी आणखी कठीण. त्या खाल्लेल्या पॉलिपचाच (वसाहतीतल्या एकेका जिवाचा) रंग घेतात, त्यामुळे बंद पॉलिप आणि न्यूडी यांत साध्या डोळ्याला फरक कळत नाही. भिंगातून पाठीवरची टोकं हलताना दिसतात. अंडी बहुधा देठांजवळ, वेटोळ्याच्या आकारात. इथे हातमोजे आणि चष्मा हवाच: काही झोअँथिड आणि त्यांच्यातल्याच पॅलिथोआंत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि या कामात चेहरा कोरलपासून इंचभरावर असतो.

दिसला जीव की मारला, असं करू नका. पाठीवर कानाच्या आकाराचा छोटा शंख असेल तर ती स्टोमाटेला, शेवाळ खाणारी, राहू द्या. अंगाच्या कडा झालरीसारख्या दुमडलेल्या असतील तर लेट्यूस स्लग, तीही शेवाळावरच जगते. बर्घिया मात्र खरोखर घोटाळ्यात टाकते, कारण पाठीवर तशीच बोटं असतात. ती फक्त आयप्टेशिया, म्हणजे टँकमध्ये तणासारखं माजणारं समुद्रफूल, खाते, म्हणून ती कशावर सापडली ते आधी बघा. डोक्यावर शिंगं नाहीत, पाठीवर टोकं नाहीत, अंग कागदासारखं सपाट, तर तो फ्लॅटवर्म.

न्यूडी सापडल्यावर फ्रॅग आयोडीनवाल्या डिपमध्ये, म्हणजे बुडवायच्या औषधी पाण्यात, लेबलवरच्या मात्रेने १० ते १५ मिनिटं, आणि मधूनमधून ड्रॉपरने फवारा. जिवंत न्यूडी सुटून तळाला पडतात, त्या ट्रेमध्ये मोजा. अंड्यांवर डिपचा भरवसा धरू नका. ती भिंगाखाली ब्लेडने खरवडा, फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो प्लग फेकून नवा लावा, आणि खाचेतली खरवडता येत नसतील तर मेलेल्या सांगाड्यावर सुपरग्लू जेलचा थर द्या. मग टँकच्या स्वच्छ पाण्यात धुऊन क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या टँकमध्ये. डिपचं पाणी टँकमध्ये परत ओतायचं नाही. अंडी साधारण आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात, त्यामुळे दर पाच-सात दिवसांनी हेच सगळं पुन्हा, निदान महिना-दीड महिना. लागोपाठ तीन तपासण्यांत काहीच सापडलं नाही तरच मुख्य टँक. मुख्य टँकमध्ये सिक्सलाइन किंवा यलो कोरिस रास (wrasse) मासा असेल तर तो सुट्या न्यूडी टिपतो, पण मॉन्टिपोराच्या पसरट प्लेटच्या खालच्या खाचेपर्यंत त्याचं तोंड पोचत नाही.

भिंगाचा खरा दोष एकच: टँकबाहेरून त्याचा उपयोग कमी. १० मिलिमीटरची काच असेल तर भिंग काचेला टेकवूनही जेमतेम अडीच सेंटिमीटर आतपर्यंतच फोकस पोचतो. खडकाला चिकटलेल्या, बाहेर न निघणाऱ्या वसाहतीसाठी घड्याळजीचा ५ एक्सचा आयग्लास सोबत ठेवा. तो त्याच काचेतून साडेपाच सेंटिमीटरपर्यंत बघतो. रात्री लाइट गेल्यावर तासाभराने लाल टॉर्च लावून बघा, तेव्हा न्यूडी खालून वर येतात.

वापर झाला की भिंग आरओच्या पाण्यात विसळून मऊ कापडाने पुसा. पितळेवरचा मुलामा खाऱ्या पाण्याने बिजागरीपासून उडायला लागतो, आणि एकदा बिजागरी सैल झाली की एका हातात फ्रॅग धरून ते उघडं राहत नाही.