खोलीखोलीत कूलर की स्लॅबवर एकच डक्ट कूलर?

"दादा, कूलर सुकला न!" मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास आमच्या अभ्यासिकेत ही हाक यायचीच. वरोऱ्याजवळचं आमचं गाव. अभ्यासिकेला पाच खोल्या आणि खिडक्यांना पाच लोखंडी कूलर. सहा उन्हाळे आम्ही त्यांवर काढले, गेले दोन स्लॅबवरच्या डक्ट कूलरवर; म्हणजे वर एकच मोठा कूलर आणि त्याची हवा पत्र्याच्या डक्टमधून सगळ्या खोल्यांत. आसपासच्या गावांतही अभ्यासिका उभ्या राहताहेत आणि तिथली मंडळी हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एसीचा विचार आम्ही लवकर सोडला. बिल आणि व्होल्टेज ही कारणं होतीच, पण दहा-बारा मुलं दिवसभर बंद खोलीत बसवणं मला पटलं नाही. कूलर बाहेरची ताजी हवा आत घेतो. शिवाय आपली हवा कोरडी. ४५ अंश तापमानाला आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते ते, २४च्या आसपास येतं आणि कूलरच्या चांगल्या ओल्या पॅडमधून २८ अंशांची हवा मिळू शकते. एवढ्यात मुलं निवांत अभ्यास करतात.

खोलीतल्या कूलरची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. पैसे कमी लागतात. एक बिघडला तरी चार चालतात. लाइन गेली की छोटे कूलर इन्व्हर्टरवर तग धरतात. डक्टचा मोठा ब्लोअर आमच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. ज्या खोलीत कोणी नाही, तिथलं बटन बंद करता येतं. गावात पंप, मोटर, ताटी (कूलरचं गवताचं पॅड) सगळं मिळतं. तुमच्याकडे दोनच खोल्या असतील, तर बहुधा हेच बरं.

आमचं मन फिरलं ते पाणी भरण्यापायी. चालू कूलरमध्ये पाणी टाकायचं नाही, हा आमचा कडक नियम. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून माणसं जातात. म्हणून आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मग पाइप ओढत आणून टाकी भरायची, हात कोरडे करायचे आणि पिन परत लावायची. पाच कूलर, दिवसातून दोनदा. तेवढ्या वेळात खोली तापते, पाइप वह्यांवरून जातो, भरणाऱ्या मुलाचा अभ्यास तुटतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली पोरं आळीपाळीने पाणीच भरत बसायची, ते बघून मला वाईट वाटायचं. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारे फ्लोट बसवून पाहिले. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार; फ्लोट अडकला आणि एका रात्रीत खोलीभर पाणी झालं. खालच्या कप्प्यातली पुस्तकं भिजली. त्यानंतर अर्थिंग तपासताना माझाच हात थरथरायचा.

मोठ्या शहरांत हेच काम फार वरच्या पातळीवर चालतं. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एका ठिकाणी पाणी थंड करतात आणि जमिनीखालच्या बोगद्यातल्या नळांतून ते इमारतींना पुरवतात; इमारतीगणिक पाणी थंड करणारं वेगळं यंत्र (चिलर) नको. तिथे आणखी एक फायदा मिळतो. ऑफिसांना दिवसा थंडावा लागतो, घरांना रात्री, त्यामुळे सगळ्यांची गरज एकाच वेळी शिगेला जात नाही आणि मधला प्लांट थोडा लहान ठेवला तरी भागतं. आपल्याला हा फायदा नाही, आपल्या पाचही खोल्या दुपारी दोनलाच तापतात. म्हणून ब्लोअर पुरेसा मोठाच घ्यावा लागतो. आपल्या वाट्याला येतं ते एवढंच, की पाणी, पंप आणि वीज यांची सगळी कटकट एका जागी जाते. माझ्या लेखी तेवढं पुरेसं आहे.

आता टाकी एक, फ्लोट एक आणि तोही स्लॅबवर. अडकला तर पाणी स्लॅबवर वाहील, पुस्तकांवर नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करतो, घासतो. डासांच्या अळ्या होत नाहीत आणि पॅडवरचे क्षारही आटोक्यात राहतात. खोलीत पाणी नाही, करंटची भीती नाही आणि आवाजही पुष्कळ कमी.

उणिवा आहेतच. आम्हाला खर्च जवळपास दुप्पट आला. पंप जळाला त्या दिवशी पाचही खोल्या तापल्या, म्हणून आता एक जास्तीचा पंप कपाटात ठेवतो. पहिल्या वर्षी डक्टचा पत्रा उन्हात उघडा होता, शेवटच्या खोलीत हवा कोमट पोचायची. वरून इन्सुलेशन गुंडाळल्यावर फरक पडला. खोलीत डक्टची हवा जिथून येते त्या ग्रिलच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोली दमट होते. आणि पहिला पाऊस पडला की दोन्ही कूलर सारखेच निरुपयोगी, तिथे पंखाच.

तीनपेक्षा जास्त खोल्या असतील आणि स्लॅब मजबूत असेल, तर मी डक्टकडेच बोट दाखवीन. फक्त पत्र्याचं काम होळीच्या आधी सांगून ठेवा. एप्रिलमध्ये कारागीर हाती लागत नाही.