वायलवर ९८%, आणि बाकी सगळं आपण शोधायचं

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये. भांडण एका वायलवरून (पावडरची छोटी काचेची बाटली) झालं आणि ते मिटलंय. आणि छोट्या पॅकमध्ये रिसर्चसाठी कंपाऊंड विकणाऱ्यांकडे थोड्याफार फरकाने असंच चालतं, वेबसाईट चकाचक, कॅटलॉगमध्ये इनहिबिटरच इनहिबिटर (एखाद्या प्रथिनाचं काम रोखणारी कंपाऊंड), प्रत्येकाखाली "प्युरिटी ९८% पेक्षा जास्त" आणि खाली बारीक अक्षरात "फक्त संशोधनासाठी". गेल्या दोन वर्षांत मी ह्या कंपनीकडून सतरा-अठरा वायल घेतल्या असतील, शिवाय थोडे सॉल्व्हंट आणि रिएजंट, त्यामुळे एका वाईट अनुभवावरून लिहितेय असं नाही.

पॅकिंगला पूर्ण मार्क. म्हणजे जरा जास्तच, ५ मिलीग्रॅमच्या एका वायलसाठी एवढा खोका येतो की उघडताना वाटतं आत सेंट्रीफ्यूज आहे, मग फोम, मग झिपची पिशवी, मग दुसरी पिशवी आणि शेवटी बोटाएवढी तपकिरी बाटली. जी वायल उघडून बघितली की हमखास रिकामी वाटते! आमच्याकडे नवीन आलेल्या एका पोराने तर तक्रारीचा मेल पण लिहायला घेतला होता, "रिकामी वायल पाठवली" म्हणून. अरे बाबा, ५ मिलीग्रॅम म्हणजे काय ढीग असतो का, ते काचेला नाहीतर झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं, आधी मिनिटभर फिरवून खाली बसव, मग उघड. आणि फ्रीजरमधून काढल्या काढल्या तर उघडूच नको, रूम टेम्परेचरला येऊ दे, नाहीतर हवेतलं पाणी थंड पावडरवर जमतं आणि पुढच्या वेळी वजन करताना त्यात कंपाऊंड किती न् पाणी किती हे देवालाच माहीत. ही सूचना वायलसोबतच्या कागदावर एका ओळीत छापलेली असते, पण तो कागद वाचतंय कोण.

आता मुद्द्याचं. एक कायनेज इनहिबिटर आहे (कायनेज नावाच्या एन्झाईमला रोखणारं कंपाऊंड), आम्ही सेलवरच्या ॲसेमध्ये, म्हणजे पेशींवरच्या चाचणीत, तुलनेसाठी कंट्रोल म्हणून वापरतो. पहिली १० मिलीग्रॅमची वायल मस्त निघाली, डीएमएसओ (अशा पावडरी विरघळवायचं नेहमीचं सॉल्व्हंट) टाकलं, व्हॉर्टेक्सवर जोरात हलवलं, अर्ध्या मिनिटात पाण्यासारखं स्वच्छ. ती संपली म्हणून तोच कॅटलॉग नंबर परत मागवला. नवीन वायल आली, लेबल तेच, मॉलिक्युलर वेट तेच ४१२.५, हिशोब तोच, १० मिलीमोलर (कंपाऊंड किती दाट आहे त्याचं माप) स्टॉकसाठी २.४२ मिली डीएमएसओ. टाकलं तर गढूळ. व्हॉर्टेक्स, गढूळ. सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणारं यंत्र) दहा मिनिटं, मग ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये, बाहेर काढून उजेडात धरलं तर तळाशी बारीक कण आरामात पहुडलेले.

टेक सपोर्टला मेल टाकला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं हे खरं, पण कसलं उत्तर? "कृपया ताजं डीएमएसओ वापरा, डीएमएसओ ओलावा शोषून घेतं आणि त्यामुळे विद्राव्यता कमी होते." वाक्य चुकीचं नाहीये, डीएमएसओ खरंच पाणी ओढतं आणि पाणी शिरलं की बऱ्याच कंपाऊंडची विद्राव्यता पडते. पण मी मेलमध्येच लिहिलं होतं की नवीन सीलबंद बाटली फोडून बघितलं म्हणून. मेल वाचलाच नव्हता, डोकेदुखीला क्रोसिन तसं गढूळला हे उत्तर, चिकटवून दिलं.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, त्या लॉटचा (एका वेळी बनवलेल्या मालाचा) सीओए, म्हणजे तपासणीचं प्रमाणपत्र, मागितला. वेबसाईटवर जो सीओए दिसतो तो नमुन्यादाखल असतो, कुठल्या तरी जुन्या लॉटचा, तुमच्या हातातल्या बाटलीचा असेलच असं नाही. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी आळस. लॉटचा सीओए यायला चार दिवस लागले, तेवढ्या वेळात मी चिमूटभर पावडर साध्या पाण्यात टाकून बघितली. झटकन विरघळली. जुनी पाण्यात अजिबात जात नव्हती, वर तरंगायची! तिथेच डोक्यात बल्ब पेटला, ह्याचा सॉल्ट (ॲसिड जोडलेलं रूप) आलाय. मग त्या द्रावणात नायट्रिक ॲसिडचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब, आणि टेस्ट ट्यूबमध्ये पांढराशुभ्र साका, म्हणजे क्लोराईड आहे. अकरावीतलं प्रॅक्टिकल. लाखोंची मशीन शेजारच्या खोलीत बसलेली आणि उत्तर दिलं टेस्ट ट्यूबने. (नंतर एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारी तपासणी, पण केला, नायट्रोजनजवळचे प्रोटॉन खाली सरकलेले होते, पण तोवर माझी खात्री झालेली.)

सीओए आला. दुसऱ्या पानावर फॉर्म्युल्यापुढे टिंब देऊन स्पष्ट लिहिलेलं, डायहायड्रोक्लोराईड, म्हणजे दोन एचसीएल जोडलेला सॉल्ट. म्हणजे कंपनीला माहीत होतं! फक्त वायलच्या लेबलवर मॉलिक्युलर वेट फ्री बेसचं (एचसीएल न जोडलेल्या मूळ रेणूचं) छापलं. खरं वजन ४८५.४ हवं होतं, म्हणजे माझा स्टॉक पूर्ण विरघळला असता तरी १० मिलीमोलर नाही, ८.५ भरला असता. आता सेलच्या ॲसेमध्ये १५% फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, एवढं तर पिपेट धरणाऱ्याचा हात बदलला की होतं, आणि मला हेच जास्त खुपतं. गढूळ झालं म्हणून पकडलं. गढूळ झालं नसतं तर वर्षभर चुकीच्या आकड्यावर ग्राफ काढत बसले असते आणि कुणाला पत्ता लागला नसता.

आणि गंमत म्हणजे सीओएवर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजायची पद्धत) प्युरिटी होती ९८.६%. खोटी नाही. एचपीएलसीचा यूव्ही डिटेक्टर २५४ नॅनोमीटरला फक्त जे प्रकाश शोषतं तेच बघतो. एचसीएल त्याला दिसत नाही, पाणी दिसत नाही, सोडियम क्लोराईड, कॉलममधून सुटलेली सिलिका, उरलेलं बरंचसं सॉल्व्हंट, काहीच दिसत नाही. त्यामुळे पावडरच्या वजनात १५% एचसीएल असूनही कागदावर ९८.६ अगदी प्रामाणिकपणे येतं. पेप्टाईड मागवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, तिथे ९५% शुद्ध लिहिलेल्या पावडरमध्ये टीएफए (पेप्टाईडला चिकटून राहणारं एक ॲसिड) आणि पाणी धरून खरं पेप्टाईड ७०-८०% च असणं अगदी नेहमीचं आहे. लहान मॉलिक्यूल वापरणारे आपण मात्र आकडा बघितला की खूश.

उलट पण होतं बरं का. ह्यांच्याकडूनच एम-सीपीबीए (ऑक्सिडेशनसाठीचं एक रिएजंट) मागवलं, लेबलवर ७७% पर्यंत, तर आमचा तोच मेलवाला पोरगा म्हणे मॅडम हे तर भेसळीचं आलंय. त्याला सांगितलं, ते मुद्दाम तसं विकतात, आत पाणी आणि क्लोरोबेन्झोइक ॲसिड ठेवतात कारण शुद्ध सुकं एम-सीपीबीए धक्क्याने फुटू शकतं.

सॉल्ट आणि हायड्रेटच्या (पाणी धरून असलेल्या रूपाच्या) घोळाला माझा साधा उपाय, कॅस नंबर (प्रत्येक पदार्थाचा वेगळा नोंदणी क्रमांक) बघा, नाव नाही. कॉपर सल्फेटचंच घ्या, बिनपाण्याचं ७७५८-९८-७ आणि पाच पाण्याचं ७७५८-९९-८, वजन एकाचं १५९.६ दुसऱ्याचं २४९.७, आणि बोलताना दोघांना आपण "कॉपर सल्फेट दे रे" एवढंच म्हणतो. ह्या कंपनीच्या साईटवर फ्री बेस आणि सॉल्ट दोन्ही एकाच पानावर टाकतात, छोट्या ड्रॉपडाऊनमध्ये, आणि निवडलेलं बदललं तरी वरचा कॅस नंबर बदलत नाही. हे कुणीतरी दुरुस्त करा राव.

कुणी म्हणेल एवढं कशाला मनावर घ्यायचं. तर त्यांच्यासाठी बोसुटिनिब ह्या कायनेज इनहिबिटरचं प्रकरण. २०१२ मध्ये उघड झालं की बऱ्याच लॅबनी विकत घेतलेलं बोसुटिनिब हे बोसुटिनिब नव्हतंच, त्याचा आयसोमर होता, म्हणजे अणू तेच पण जोडणी वेगळी. रिंगवरचे दोन क्लोरीन आणि एक मेथॉक्सी, तीन गोष्टी त्याच, फक्त बसल्यात चुकीच्या जागी. मास तोच, फॉर्म्युला तोच, त्यामुळे मास स्पेक (रेणूचं वजन मोजणारी तपासणी) करून काही कळणार नाही, प्युरिटी म्हणाल तर आयसोमर पण ९८% शुद्ध असू शकतो की! लोकांनी त्यावर प्रयोग करून पेपर छापलेले. आणि हे काही एखाद्या अनोळखी पावडरचं नाही, त्याच वर्षी ज्याला अमेरिकेत ल्युकेमियाचं औषध म्हणून मंजुरी मिळाली त्याचं. तेव्हापासून आमच्या गाईड मॅडमचा नियम आहे, बाहेरून आलेल्या प्रत्येक कंपाऊंडचा प्रोटॉन एनएमआर आधी, ॲसे नंतर. मी ह्या वेळी तो मोडला कारण "दुसरीच तर वायल आहे, तोच कॅटलॉग नंबर". त्या मला काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सॉल्व्हंटबद्दल तक्रार नाही. टीएचएफ हे सॉल्व्हंट सेप्टमवाल्या (सुई टोचून काढता येईल अशा रबरी झाकणाच्या) बाटलीत येतं, कोरडं असतं, बीएचटी (ते खराब होऊ नये म्हणून घालतात) घातलेलं की बिनबीएचटीचं हे लेबलवर मोठ्या अक्षरात. ते बघून घ्या मात्र. बीएचटी नसलेलं टीएचएफ उघडून ठेवलं की स्फोटक पेरॉक्साईड होतात, म्हणून उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहायची आणि स्ट्रिपने तपासत राहायचं, आणि बीएचटी असलेलं वापरून आटवलं तर बीएचटी मागे राहतं. मागे एकीने दोन दिवस घालवले "नवीन बायप्रॉडक्ट" शोधण्यात, एनएमआरमध्ये १.४३ ला भलामोठा सिंगलेट (एकटा सुळका), २.२७ ला एक, ६.९८ ला एक. रिॲक्शन साफ फसलेली, राहिलं होतं फक्त बीएचटी. एवढं सुंदर क्लीन स्पेक्ट्रम तिला पूर्ण पीएचडीत परत मिळालं नाही.

तर शेवट काय झाला. सीओए, लेबलचा फोटो आणि एनएमआर तिन्ही एकत्र जोडून मेल केला, ह्या वेळी उत्तर खऱ्या माणसाचं आलं. लेबल चुकल्याचं सरळ मान्य केलं, त्या लॉटच्या बाकी गिऱ्हाईकांना कळवतो म्हणाले, आणि आठवड्यात फ्री बेसची नवीन वायल फुकट आली. अर्ध्या मिनिटात स्वच्छ. मान्य करणारे सप्लायर फार नसतात हो, दुसऱ्या एकाने मला एकदा "तुमचं मशीन तपासा" असं लिहिलेलं. म्हणून पाचपैकी साडेतीन. एक मार्क लेबलचा कापला, अर्धा त्या ताज्या डीएमएसओवाल्या मेलचा.

कालच परत ऑर्डर टाकलीये, ह्या वेळी आधी मेल करून विचारलं की कुठला लॉट पाठवणार आणि त्याचा सीओए आधी पाठवा. उत्तर अजून आलेलं नाही.