पहिली कढई कोणती घ्यावी: लोखंडी, बिडाची, स्टीलची की नॉनस्टिक?

पुण्यात खोली घेऊन राहणारं, मेसच्या डब्याला कंटाळलेलं आणि पुढेमागे स्वयंपाकातच काही करायचं मनात असलेलं पोर भांड्यांच्या दुकानात उभं राहिलं, की पहिला घोळ कढईपाशी होतो. दुकानदार नॉनस्टिकचा तीन नगांचा सेट पुढे करतो. आई फोनवर सांगते, लोखंडीच घे. रूममेट म्हणतो, इंडक्शनवर चालेल ते बघ. तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, म्हणूनच निर्णय होत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. स्वयंपाक शिकायचा असेल तर पहिला खर्च बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या (कास्ट आयर्न) एका तव्यावर आणि तीन थरांच्या, म्हणजे ट्राय-प्लाय स्टीलच्या एका कढईवर करा. लोखंडी कढई त्यानंतर. नॉनस्टिक सगळ्यात शेवटी, तेही लागलंच तर. नॉनस्टिकवर आच चुकली तरी पदार्थ सुटून येतो, त्यामुळे आपलं काय चुकलं ते कळतच नाही. बीड आणि स्टील जागच्या जागी तक्रार करतात.

उष्णतेचा हिशेब

स्टेनलेस स्टील उष्णता पसरवण्यात मठ्ठ असतं. लोखंड आणि बीड त्याच्या साधारण तिप्पट, ॲल्युमिनियम पंधरापट आणि तांबं पंचवीसपट वेगाने उष्णता पुढे नेतं. म्हणूनच पातळ स्टीलच्या कढईत बटाट्याच्या काचऱ्या केल्या, की तळाला बर्नरएवढं काळं कडं उमटतं आणि मधल्या काचऱ्या कच्च्याच राहतात. ट्राय-प्लायमध्ये दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियमचा थर असतो. पसरवण्याचं काम तो करतो आणि अन्नाला मात्र स्टीलच लागतं.

बिडाची गोष्ट वेगळी. ते पसरवण्यात फार हुशार नाही, पण जाड असल्याने उष्णता साठवून ठेवतं. दहा इंची बिडाचा तवा दोन किलोच्या आसपास भरतो. तापायला पाच-सहा मिनिटं घेतो, पण तापला की वर गार गोळा पडला तरी दबत नाही. लोखंडी पत्र्याचा तवा पटकन तापतो आणि तितक्याच पटकन उतरतो. भाकरीला तो चालतो, कारण भाकरी शेवटी जाळावरच फुगवायची असते. थालीपिठाला तोच तवा नडतो.

एकच थालीपीठ, तीन तवे

एक वाटी भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, कोथिंबीर. पाणी लागेल तसं, गोळा हाताला मऊ लागेपर्यंत. यात दोन मध्यम थालीपिठं होतात. ओल्या फडक्यावर थापून मध्ये एक आणि बाजूने चार भोकं पाडायची, प्रत्येक भोकात चहाच्या चमच्याने अर्धा चमचा तेल.

बिडाच्या तव्यावर मंद ते मध्यम आचेवर झाकण ठेवून साधारण चार मिनिटं, उलटून दोन मिनिटं. भोकांच्या कडेने तेल चुरचुरतं, भाजणीचा वास बदलतो आणि कडा आपोआप सुटते. त्याआधी उलथनं घातलं तर तुकडे पडतात. पातळ लोखंडी पत्र्यावर तेच चार मिनिटांत मध्ये करपतं, कडेला पांढरं राहतं. तिथे तवा सारखा फिरवत राहावं लागतं. नॉनस्टिकवर ते कधीच चिकटत नाही, एकसारखं सोनेरी होतं, पण कुरकुरीत कड येत नाही, कारण ते भांडं बिडाइतकं तापवायचं नसतं आणि उष्णता धरतही नाही.

इथेच एक जुनी सवय महागात पडते. पूर्वीपासून थालीपीठ गार तव्यावरच थापतात, आणि दुसऱ्या थालीपिठाआधी तवा उपडा करून नळाखाली धरतात. चर्र होतं आणि तवा गार होतो. लोखंडी पत्रा हे सहन करतो. बिडाला मात्र असं केलं तर तडा जातो, कधी पहिल्याच वेळी. बीड वापरणार असाल तर फडक्यावर थापायची सवय करा, किंवा प्लास्टिकच्या कागदावर. तापलेल्या तव्याकडे पाणी न्यायचंच नाही.

पिठलं आणि खरपुडी

कढईची खरी परीक्षा पिठलं घेतं. दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या चार-पाच लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, हळद. फोडणीत दीड वाटी पाणी आणि मीठ घालून उकळी आणायची. अर्धी वाटी बेसन अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, ते उकळत्या पाण्यात ओतायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. मग झाकण आणि बारीक गॅसवर पाच-सहा मिनिटं.

पातळ स्टीलमध्ये फोडणीतच गडबड होते: मधली मोहरी जळते, कडेची तडतडायची बाकी असते. ट्राय-प्लायमध्ये फोडणी एकसारखी होते आणि पिठलं मऊसूत येतं, पण खरपुडी, म्हणजे तळाशी धरणारा खमंग पापुद्रा, जेमतेम धरते. नॉनस्टिकमध्ये खरपुडी नाहीच. लोखंडी कढईत तळाशी तांबूस पापुद्रा धरतो. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवलं, की तो उलथन्याने सुटतो. घरोघरी भांडण होतं ते याच पापुद्र्यावरून. ती खरपुडी हवी असेल तर लोखंडाला पर्याय नाही, आणि खरपुडी कुठे संपते आणि करपणं कुठे सुरू होतं ते वासावरून कळायला लागणं हा तर शिकण्याचाच भाग.

मात्र पिठल्यात आमसूल घातलंत तर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

आंबट पदार्थ

लोखंड आणि बीड आंबटाशी भांडतात. चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचं सार, कोकमाची कढी यांतलं आम्ल लोखंड विरघळवतं. रंग काळपट होतो आणि जिभेला नाणं चाटल्यासारखी चव लागते. फोडणीत टोमॅटो पाच-दहा मिनिटं परतला तर काही बिघडत नाही. आमटी अर्धा तास उकळली किंवा रात्रभर कढईतच राहिली तर बिघडते. वांगं, आवळा, चहा यांचं काळं पडणं आंबटपणाने नव्हे, त्यांतल्या तुरट द्रव्यांनी होतं. भरली वांगी लोखंडी कढईत छान परततात, पण काळी दिसतात. खायला हरकत नाही, पाहुण्यांपुढे ठेवायची तर स्टील वापरा. कांदेपोह्यांवर लिंबू पिळायचं ते ताटात, कढईत नाही.

या सगळ्याला ट्राय-प्लाय कढई पुरून उरते. म्हणूनच पहिल्या दोन नगांत ती हवीच.

स्टीलला अन्न चिकटतं ही तक्रार बहुतेक वेळा गार भांड्यात गार तेल घातल्याची असते. रिकामी कढई मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. नुसता चुर्र करून उडून गेला तर अजून वेळ आहे. पाऱ्यासारखा गोल होऊन घरंगळला तर झालं. आता आच कमी करा, तेल घाला, ते पाण्यासारखं पातळ होऊन कढईभर पळू लागलं की कांदा टाका. पनीर किंवा मासा टाकल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं हलवू नका. खालची बाजू लाल झाली की तो स्वतः सुटतो. आणखी एक: मीठ गार पाण्यात टाकून तसंच ठेवलं तर तळाला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला.

निळसर, इंद्रधनुषी डाग पडले तर घाबरायचं कारण नाही. पांढरा थर मात्र पाण्यातल्या क्षारांचा असतो. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठांमध्ये तो फारसा दिसत नाही. टँकर किंवा बोअरवेलवर चालणाऱ्या उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये आठवड्याभरात धरतो. अर्धं लिंबू चोळलं की जातो.

निगा, म्हणजे खरी किंमत

दुकानात लोखंडी कढई स्वस्त वाटते. तिची उरलेली किंमत तुम्ही रोज दोन मिनिटांच्या हप्त्याने फेडता. नव्या कढईवर गंज लागू नये म्हणून कारखान्याचं तेल लावलेलं असतं. ते गरम पाणी, साबण आणि काथ्याने दोनदा घासून काढा. गॅसवर कोरडी करा. चमचाभर शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल आतून-बाहेरून चोळा आणि मग जणू चुकून लावलं होतं अशा बेताने कोरड्या फडक्याने पुसून टाका. आता मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा केलं, की तेलाचा पातळ, कडक थर बसतो. खिडकी उघडी ठेवा, धूर बराच होतो.

नव्वद टक्के लोकांचं चुकतं ते तेल जास्त लावण्यात. जाड थर कडक होत नाही, चिकट डिंकासारखा राहतो आणि त्यावर पहिला घावन चिकटला, की कढईला दोष मिळतो. तसं झालं तर सगळं घासून काढून पहिल्यापासून. नंतर रोज घावन-आंबोळीआधी अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवत राहिलं तरी पुरतं.

धुऊन ओली ठेवली तर जून ते सप्टेंबर या दिवसांत पुण्याच्या हवेत सकाळपर्यंत गंजाचे ठिपके दिसतात. धुतली की मिनिटभर गॅसवर ठेवायची, बोटावर येईल एवढंच तेल लावून पुसायचं.

आता व्यवहाराचं. भांडी घासायला मावशी येत असतील किंवा चौघांचं एक सिंक असेल, तर तुमचा महिन्याभराचा थर कोणीतरी तारेच्या घासणीने एका दुपारी उतरवणार, हे धरून चाला. त्यात त्यांची चूक नाही. काळं भांडं त्यांच्या लेखी घाणच. बिडाचा तवा सिंकमध्ये ठेवूच नका, स्वतः पुसून कपाटात. हे जमणार नसेल तर लोखंडाचा नाद सोडून दोन्ही भांडी ट्राय-प्लायची घ्या. रोजच्या चिडचिडीपेक्षा ते बरं.

खोलीत गॅस नसेल तर

बऱ्याच पीजी आणि कॉट बेसिसच्या खोल्यांत फक्त इंडक्शन चालतं. इंडक्शनला चुंबक चिकटेल असा तळ लागतो: लोखंड, बीड आणि चुंबकीय तळाचं ट्राय-प्लाय चालतं, साधं ॲल्युमिनियम, हिंडालियम, पितळ चालत नाही. फ्रिजवरचा चुंबक खिशात घालून दुकानात जा. तळ सपाट हवा, गोल बुडाची लोखंडी कढई मधल्या रुपयाएवढ्या भागावरच तापते. पातळ लोखंडी तवा पूर्ण ताकदीवर ठेवला तर मध्ये फुगतो आणि मग कायम डुगडुगतो. बिडाला आधी कमी ताकदीवर चार-पाच मिनिटं द्या, आणि काचेवर घासत सरकवू नका. शिवाय 2000 वॉटचं इंडक्शन 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर लावायचं नसतं; तो प्लग 230 व्होल्टवर 1380 वॉटच पेलतो. घरमालकाला 16 अँपिअरचा पॉइंट कुठे आहे ते भांडी घेण्याआधी विचारा.

नॉनस्टिक, पितळ आणि बाकीचे

नॉनस्टिकचा लेप साधारण 260 अंशांपुढे खराब व्हायला लागतो आणि मोठ्या आचेवरचं रिकामं पॅन काही मिनिटांत तिथवर पोचतं. म्हणजे पाण्याच्या थेंबाची परीक्षा नाही, तवा लाल करून पापलेट नाही, स्टीलचा कालथा नाही. हॉटेलच्या भटारखान्यातल्या भट्टीवर ते फार दिवस टिकत नाही, त्यामुळे तिथे नोकरी करायची असेल तर हात लोखंडावरच बसलेला बरा. ऑम्लेट आणि नाजूक धिरड्यांपुरतं एक छोटं पॅन असू द्या, सेट नको.

पितळी पातेल्याचा मोह कसबा पेठेतल्या तांबट आळीतून चालताना होतोच. वरण-आमटीला ते सुंदर आहे, पण आत कल्हई हवी, आणि कल्हई म्हणजे कथील. कथील 232 अंशांना वितळतं. रिकामं पातेलं गॅसवर विसरलात तर कल्हईचे मणी जमतात आणि पातेलं पुन्हा कल्हईला द्यावं लागतं. पहिल्या वर्षात नको. हिंडालियम हलकं, स्वस्त, पटकन तापणारं. भात, तळण ठीक, आंबटाला नाही.

दुकानात काय बघायचं

रविवार पेठेत बोहरी आळीत आणि तुळशीबागेच्या आसपास चार दुकानं फिरा, पहिल्याच दुकानात पैसे देऊ नका. एकट्या-दुकट्यासाठी 22 ते 24 सेंटिमीटरची कढई पुरे. ट्राय-प्लाय म्हणून दाखवलेल्या कढईची कड बघा. थर काठापर्यंत गेलेले असतील तर ठीक. तळाला नुसती जाड चकती जोडलेली असेल तर ती संपते तिथे, बाजूला, कांदा करपतो. चकतीचा जोड बोटाला लागतो. लोखंडी कढई वजनावर देत असतील तर हलकी शोधू नका, निदान अडीच-तीन मिलिमीटर जाडी हवी. कान रिव्हेटने ठोकलेले असतील तर हलवून बघा. तवा काउंटरवर ठेवून कडेला बोटाने दाबा, डुगडुगला तर परत द्या. बिडाच्या तव्याचा कान धरून तो अधांतरी उचला आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर घ्या. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी तडा आहे, दुसरा मागा.