शेक, हात की व्यायाम? फिजिओथेरपी निवडताना

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या घरापासून रामकुंड चालत दहा मिनिटांवर आहे. आईचं रोजचं जाणं बंद झालं ते घाटाच्या पायऱ्यांपायी. चढताना दुखायचं, उतरताना त्याहून जास्त. एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज दिसली आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'फिजिओथेरपी' लिहून दिलं. मशीन (ज्याला सगळे सरसकट 'शेक' म्हणतात), थेरपिस्टच्या हाताचे उपचार आणि व्यायाम अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी त्या एका शब्दात येतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तुमच्या हातात आज तीच चिठ्ठी असेल, तर तिघांत काय निवडायचं, यासाठी हे लिहितेय.

आधी मशीन, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. टेन्स किंवा आयएफटी या सौम्य करंट देणाऱ्या मशीनचे पॅड लावले की पंधरा-वीस मिनिटं मुंग्या येतात आणि उठताना हलकं वाटतं. हा भास नव्हे. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं की त्वचेकडून येणाऱ्या स्पर्शाच्या संदेशांची गर्दी झाली की मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाची वाट अडते. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो, तसंच हे. पण पॅड काढले की थोड्या वेळाने वाट पुन्हा मोकळी होते. मांडीचा स्नायू होता तेवढाच अशक्त राहतो. उपचारांचं मार्गदर्शन ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2022 मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामाला पहिलं स्थान आहे. टेन्स, आयएफटी, अल्ट्रासाउंड देऊ नयेत असं त्यात स्पष्ट म्हटलंय, कारण फायद्याचा पुरावा पुरेसा नाही.

आम्ही पहिल्या ठिकाणी दहा दिवस फक्त शेक घेतला. कोणी आईला एक व्यायाम शिकवला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या दिवसांत ती आणखी कमी चालू लागली होती.

दुसऱ्या ठिकाणी थेरपिस्ट मॅडमनी आधी खुर्ची ठेवली. हात छातीशी दुमडून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं. सात वेळा. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबून धरायची, पाय सरळ उचलायचा, नंतर खुर्चीतून उठ-बस, आणि शेवटी एक पायरी वर-खाली. व्यायामाने थोडं ठणकेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं नाही तर संख्या कमी करायची, एवढा एकच नियम. आठ आठवड्यांनी आकडा अकरावर गेला. दुखणं शून्यावर आलेलं नाही, पण पायऱ्या जमतात.

म्हणून माझं मत ठाम आहे: गुडघ्याच्या झिजेत पैसे आणि वेळ व्यायामावर घाला. दुखण्यामुळे व्यायामच होत नसेल, तर आधी थोडा शेक घ्यायला हरकत नाही. मात्र मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर शेक भाजतोय हे कळतच नाही. पेसमेकर असेल तर विजेचं कोणतंही मशीन लावण्याआधी सांगा. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. गुडघा बदलल्यानंतर मांडीचा स्नायू आवळताच येत नाही, तेव्हा त्याला आकुंचित करणारा करंट व्यायामासोबत खरोखर मदत करतो. तो आणि वेदनेसाठीचा करंट, दोन्ही वेगळे.

खांद्याचं गणित निराळं. माझा आतेभाऊ निफाडचा, द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) असं करत मांडवाखाली महिनोन्‌महिने हात डोक्याच्या वर. असा खांदा दुखला तर पाहा, दुसऱ्याने हात उचलला तर तो वर जातो का? जात असेल तर बहुधा स्नायूबंधाचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्याचा) त्रास, तिथे हळूहळू वजन वाढवत केलेला व्यायाम आणि कामाची पाळी बदलणं जास्त उपयोगी. दुसऱ्यानेही हात हलत नसेल, विशेषतः बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर फ्रोझन शोल्डरची, म्हणजे आखडलेल्या खांद्याची शंका घ्या. मधुमेहींत तो जास्त आढळतो. इथे थेरपिस्टच्या हाताला खरी किंमत आहे, पण सुरुवातीच्या तीव्र दुखण्याच्या टप्प्यात जोर लावून हात उचलून देणारा कोणी भेटला तर तिथून निघा.

कंबरदुखीसाठी ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि पट्टा दोन्ही नाइसने 2016 मध्येच नाकारले आहेत. हाताचे उपचार घ्या, पण व्यायामाच्या जोडीने. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर फिजिओकडे नाही, थेट हॉस्पिटलमध्ये जा.

घरी बोलवावं की क्लिनिकला जावं? ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे घरी चांगलं. घरी आलेला माणूस तुमच्या संडासाची उंची, सिडकोतल्या घरांचा अरुंद जिना, उंबरठा पाहून शिकवतो. चालता येऊ लागलं की क्लिनिकला जा, कारण तिथवर जाणं हाही सरावच.

बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी, आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी होते. ही पदवी देणाऱ्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय तर आपल्याच म्हसरूळला आहे. पदवी आणि नोंदणी विचारायला संकोच करू नका. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांची ओपीडी इथे आधी चौकशी करा, फक्त वेळ हाताशी ठेवून जा.

पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारा: आज माझं काय मोजलं, आणि घरी मी काय करायचं? दुसऱ्याचं उत्तर नुसतं 'उद्या या' असं मिळालं, तर दहा दिवसांचे पैसे आगाऊ भरू नका.