कोकणातली छोटी संग्रहालयं: सोलापूरच्या चादरवाल्याचा काही महिन्यांचा अनुभव

सोलापूरची माणसं कोकणात जातात ती समुद्र बघायला आणि गणपतीपुळ्याला. मी जातो टॉवेल आणि चादरी विकायला. आपल्या गावातून जाणारा रत्नागिरी–नागपूर महामार्ग सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरतो आणि रत्नागिरीत संपतो, एवढ्या एका कारणाने तो टापू माझ्या वाट्याला आला. गिऱ्हाईक म्हणजे लॉजवाले, खानावळवाले, घरातल्याच दोन खोल्या पर्यटकांना देणारे. तिकडं दुपारचं जेवण झालं की बाजार बंद. चारच्या आत दार वाजवलं तर मालक झोपेतून उठून येतो, आणि झोपमोड झालेला माणूस रेट पाडूनच मागतो. मग त्या वेळात करायचं काय? दिवाळीनंतरच्या फेरीपासून मी दुपारी तिथली छोटी संग्रहालयं बघायला लागलो. आता पाऊस तोंडावर आलाय, फेऱ्या थांबतील, तेव्हा लिहून टाकतो.

सुरुवात थिबा पॅलेसपासून, कारण रत्नागिरीत गेलेला कुणीही तिथंच जातो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. 1885 मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा तयार झाला तो 1910 च्या सुमारास. म्हणजे चोवीसएक वर्षं राजा दुसऱ्या बंगल्यांत राहिला, आणि स्वतःचा म्हणावा असा वाडा मिळाल्यावर जेमतेम सहा वर्षं जगला. डिसेंबर 1916 मध्ये तो गेला. राणी सुपायालत 1919 मध्ये मायदेशी परतली, राजा मात्र रत्नागिरीच्या मातीतच राहिला. त्याची समाधी शिवाजीनगर भागात आहे, तिथं मात्र फारसं कुणी जात नाही. इंग्रजांचा हिशेब बघा: दिल्लीचा बहादूरशहा जफर त्यांनी रंगूनला पाठवला, तो 1862 मध्ये तिकडं मेला, आणि मंडालेचा राजा इकडं आणला.

वाड्यात राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. मी पहिल्यांदा शिस्तीत एकेक वस्तू बघत गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वस्तू सोडून वाडाच बघितला, आणि तेच बरोबर आहे असं आता माझं मत झालंय. उतरती छपरं, लाकडी कोरीवकाम, वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल खिडक्यांतल्या रंगीत काचा. तिथून मागं खाडीकडं बघितलं की कळतं, समुद्रापलीकडच्या राजाला रोज डोळ्यासमोर पाणी दिसेल अशा जागी बसवला होता. त्यात दया होती की छळ, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर थिबा पॅलेसच्या मानानं अगदी लहान. 23 जुलै 1856 चा जन्म, आणि टिळक दहा वर्षांचे असतानाच कुटुंब पुण्याला गेलं. त्यामुळं इथं राजकारणापेक्षा घर जास्त आहे: कौलं, चिऱ्याच्या भिंती, अंधारा थंडावा. बाहेर एप्रिलचं ऊन आणि घाम, आत शर्ट सुकतो. आमच्या सोलापूरच्या सिमेंटच्या घरात मे महिन्यात कूलर लावूनही एवढं बरं वाटत नाही.

दोन-तीन महिन्यांनंतर माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. मी कापडाचा माणूस, त्यामुळं कुठंही गेलो तरी डोळा आधी कापडाकडं जातो. आणि कोकणात जुनं कापड मला फारच कमी दिसलं. दगड आहे, तांबं-पितळ आहे, लाकूड आहे, तलवारी आहेत. लुगडं, पागोटं, सतरंजी मात्र क्वचित. एका ठिकाणी एक जुना अंगरखा दिसला, काचेच्या आत, घडीवर काळे ठिपके पडलेले. हे ठिपके म्हणजे बुरशी, गोदामात पाणी शिरलं की आमच्याकडेही दिसतात. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकाही जेमतेम. शिवाय बाकीचे महिने खारी, दमट हवा. अशा हवेत सूत ओल धरतं, मग बुरशी, मग कसर. कपाटाला कुलूप लावलं तर आत हवा खेळत नाही आणि काम आणखी लवकर होतं. म्हणजे तिथल्या संग्रहालयांत काय ठेवायचं ते आधी पाऊस ठरवतो, मग संग्रहालयवाले. चिऱ्याचं घर मुळात पावसासाठीच बांधलेलं असतं, ते टिकतं. म्हणून घर बघा, कपाटं नंतर.

कागदाची गत चिपळूणला कळते. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं, आणि ग्रंथालयाच्या जोडीला त्यांनी वस्तुसंग्रहालयही उभं केलंय. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात घुसलं तेव्हा ग्रंथालयाचं मोठं नुकसान झालं, हजारो पुस्तकं गेली. 2005 च्या पुरानेही त्यांना तडाखा दिला होता. तरी वाचनालय चालू आहे. मी गेलो तेव्हा पेपर वाचायला म्हातारी मंडळी बसलेली होती, आणि माझ्यासारख्या परगावच्या माणसाला कुणी ‘काय पाहिजे’ असं तुटकपणे विचारलं नाही. नदीकाठच्या गावात दीडशे वर्षांहून जुनं ग्रंथालय चालवणं हे काम सोपं नाही.

मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या शेजारीच, केशवसुतांचं म्हणजे कृष्णाजी केशव दामल्यांचं घर जपलंय आणि बाजूला कोकण मराठी साहित्य परिषदेनं स्मारक केलंय. इथं एक हुशारी आहे: कविता दगडावर कोरून ठेवल्यात. कागदाचं काय होतं हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नसावं. पुळ्याला देवदर्शनाला येणाऱ्या शंभर गाड्यांतली एखादीच इकडं वळते. आमच्या सौ. एका फेरीला सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, देवळातल्या रांगेपेक्षा इथंच बरं वाटलं.” मी हो म्हणालो, पण दर्शनही घेतलंच.

रत्नागिरीतल्या झाडगावचं मत्स्यालय, लहान मुलं सोबत असतील तर आधी तिथंच न्या. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे. टाक्यांत जिवंत मासे, बरण्यांत जतन केलेले जीव आणि देवमाशाचा भलामोठा सांगाडा. मी ताटातले चार मासे ओळखतो, पुढं माझी मजल नाही.

आता छत नसलेलं संग्रहालय. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळांवर, जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. शेजारी उभं राहिलं तर चक्क काही कळत नाही, नुसत्या चरा दिसतात. थोडं उंचावर गेलं की हत्ती उभा राहतो. उक्षीला गावकऱ्यांच्या पुढाकारानं भोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि बघायला चौथरा केलाय, तिथं हा त्रास नाही. भर दुपारी मात्र जाऊ नका. ऊन डोक्यावर असताना चरांत सावली पडत नाही आणि पायाखालचा कातळ तापून पाय भाजतात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. म्हणजे माझ्या रिकाम्या वेळात हे बसतच नव्हतं, यासाठी मला एक मुक्काम वाढवावा लागला. वाढवला, आणि पैसे वसूल झाले.

सिंधुदुर्गात गणित बदलतं. तिथं जे बघितलं ते अजून तयार होतंय. सावंतवाडीच्या राजवाड्यात, मोती तलावाच्या काठी, दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गोल पत्ते. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दशीपर्यंत, असे बारा. खेळणारे जवळपास संपले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी 1970 च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली, नाहीतर आज काचेआड चार पत्ते दिसले असते. मी एका ताईंच्या मागं उभा राहून बराच वेळ बघत होतो. पत्त्याच्या कडेची रेघ त्या मनगट न हलवता, नुसता पत्ता फिरवत ओढतात. किंमत ऐकली तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडातून ‘बाप रे’ निघालं. पण मजुरीचा हिशेब मला घरचा आहे. हातमागाच्या मालाला यंत्रमागाचा भाव मागणारी गिऱ्हाइकं मी रोज बघतो, म्हणून तिथं घासाघीस केली नाही. बाहेर चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी मिळतात, नातीसाठी तिथून घेतली.

आणि पिंगुळी. कुडाळजवळचं हे गाव. ठाकर समाजाचे परशुराम गंगावणे आणि त्यांच्या घरच्यांनी गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय, ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला सगळ्यात आवडलेली जागा हीच, आणि रत्नागिरीपासून इतक्या लांब असूनही मी तिथं पुन्हा गेलो. चित्रकथीची जुनी चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र उचलून समोर धरायचं आणि त्यावरून रामायण-महाभारतातलं आख्यान गाऊन सांगायचं. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या काळात देवळांतून याला आश्रय होता.

गेल्या गेल्या विचारलं गेलं, “खंयसून इलात?” सोलापूर म्हटल्यावर आधी विश्वास बसला नाही, मग चादरींची चौकशी झाली. मी बाहुल्यांच्या कपड्यांवरून सुरुवात केली. बाहुलीचा झगा झिजला की नवा शिवतात, चित्र विरलं की त्याच धर्तीवर दुसरं काढतात. पावसाशी भांडायचा हाच एक उपाय मला पटला. जुनी चित्रं जपून ठेवायची आणि शेजारी बसून नवी काढत राहायची. खेळ बघायचा असेल तर आधी कळवून जा, आयत्या वेळी माणसं हजर असतीलच असं नाही. आणि दक्षिणा म्हणून दहाची नोट काढू नका, लाज वाटेल तुम्हालाच.

सगळीकडं असं नाही हेही सांगायला हवं. एका ठिकाणी किल्लीवाला लग्नाला गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात. दुसऱ्या एका ठिकाणी माहितीचे कागद झेरॉक्स करून चिकटवलेले, अर्धे गळून पडलेले, त्यामुळं एका वीरगळाखाली, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या दगडाखाली, ‘पाणी तापवण्याचा बंब’ असं वाचायला मिळालं. बऱ्याच ठिकाणी दिवे लागत नाहीत, मोबाइलचा टॉर्च हाताशी ठेवा. वीज जाते तेव्हा पंखाही जातो.

या फेऱ्यांमुळं आणखी एक झालं. सोलापुरात भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, स्मारक केलेलं. जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, इथलाच. 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिकडंच वारले. त्या घरावरून मी गेली कित्येक वर्षं टेम्पो नेतोय. थिबा राजाची समाधी बघून आल्यावर पुढच्याच आठवड्यात आत गेलो. चीनहून पाहुणे आले की हारतुरे होतात, एरवी आपण सोलापूरकर बाहेरूनच जातो. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागारही तसंच: स्वामींच्या दर्शनाला जाणारे हजारो, त्यातले शस्त्रागारात वळणारे मोजके. आपल्या कोरड्या हवेत लोखंड किती छान राहतं ते कोकणातून आल्यावर बघा.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. सोमवार टाळा, सरकारी संग्रहालयं बहुधा बंद असतात. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी धरूनच चला. तिकिटं नाममात्र, पण सुटे पैसे लागतात. पाऊस सुरू झाला की कातळशिल्पांच्या चरांत पाणी भरतं आणि मग गवत वाढतं, तेव्हा ती ऑक्टोबरनंतरच. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं ठेवू नका, तिसऱ्या ठिकाणी कुणीच नीट बघत नाही.

माझ्या यादीत अजून देवरुखचं पित्रे कलासंग्रहालय आणि पालगडचं साने गुरुजींचं घर राहिलंय. देवरुखला दोन लॉजवाले ओळखीचे आहेत, ते होईल. पालगड दापोलीच्या बाजूला, आणि तिकडं माझं एकही गिऱ्हाईक नाही. कुणाच्या ओळखीत त्या भागात टॉवेल-चादरी घेणारं कुणी असेल तर कळवा, रेट बघून घेऊ.