आधी मुंबई की आधी तालीम? सोलापूरच्या विनोदी नटापुढचे दोन रस्ते

आमच्या तालमीतल्या पोरानं परवा विचारलं, "सर, सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून मुंबई गाठू, का अजून दोन वर्षं इथंच एकांकिका करू?"

मुंबईत काम आहे, हे खरंच. 2014 मध्ये 'चला हवा येऊ द्या', 2018 मध्ये 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली आणि विनोदी नट घरोघरी पोचले. पण तिथं स्किट हातात पडलं की लगेच उभं करावं लागतं. चुकायला सवड नाही.

ती सवड इथं मिळते. इथल्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात याच पोरानं हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकलं. मागच्या रांगांना ते ऐकूच गेलं नाही. पुढच्या प्रयोगाला तो थांबला, हातातला तांब्या सावकाश खाली ठेवला, मग बोलला. सभागृह दणाणलं. ही थांबायची जागा कॅमेऱ्यासमोर सापडणं अवघड, कारण समोर नाट्यगृहासारखा श्वास रोखलेला प्रेक्षक नसतो.

आणि आपली बोली! 'काय बे' म्हटलं की मुंबईत हसतात, पण तेवढ्यावरच अडकवून ठेवतात. इथं त्याच बोलीत अख्खा माणूस उभा करता येतो.

पोटाचा प्रश्न दोन्हीकडे आहेच. अशोक सराफांनीही बँकेतली नोकरी सांभाळत नाटकं केली.

मी त्याला म्हटलं, यंदाची राज्य नाट्य स्पर्धा कर, मग तिकीट काढ. मी स्टेशनवर सोडायला येतो.